कोयता फडावर जातो, तेव्हा मोठे लेकरू कुणापाशी राहते?

अशोक विजयादशमी झाली की आपल्या पाटोदा तालुक्यातल्या वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. मुकादमाची उचल पावसाळ्यातच खर्ची पडलेली असते. ट्रॅक्टर येतो, भांडीकुंडी, पत्रे, पीठकूट चढते आणि माणसे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेची काही मुले. त्यांच्याबरोबर आणखी एक माणूस मागे राहतो, ज्याची नोंद मुकादमाच्या वहीत नसते आणि शाळेच्या हजेरीतही नसते. तो बावीस, तीस किंवा पस्तीस वर्षांचा मुलगा असतो किंवा मुलगी असते. अंगाने मोठे, पण आंघोळ, जेवण, पैसा, रस्ता यांत रोज कोणाची तरी सोबत लागणारे.

नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. लेकरासाठी बाई घरी थांबली तर अर्धा कोयता उरतो, उचलही निम्मी होते. म्हणून घरापुढे तीनच वाटा असतात. लेकरू आजीपाशी ठेवायचे. नाहीतर फडावर कोपीत न्यायचे, जिथे दाराला कडी नसते, पाचट पेटवलेले असते, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रात्रभर चालू असतात. किंवा घरात कोंडून शेजारणीला भाकरीचे सांगून जायचे. आई-बाप निर्दयी असतात म्हणून असे होते, असे मला कधी वाटले नाही. त्यांना चौथी वाट कोणी दाखवलेलीच नाही.

आणि आजी कायमची नसते. दर हंगामात सहा महिन्यांसाठी पडणारा हा प्रश्न पुढे आयुष्यभराचा होतो. वस्तीतल्या आया मला दबक्या आवाजात विचारतात, ‘सिस्टर, आमच्या मागे याचे कोण?’

या लेखात मला एवढेच सांगायचे आहे की या प्रश्नाचे उत्तर लांबच्या शहरातल्या मोठ्या इमारतीत शोधू नका. ते आपल्याच वस्तीत, चार-पाच जणांच्या एका छोट्या घरात आहे. त्या घराला कायद्याचा आधार आहे, थोडाफार पैसाही आहे. कमी पडतात ती आपली मागणी आणि आपली तयारी. सुरुवात ऊसतोडीच्या सहा महिन्यांपासून करता येते.

हे वेड नव्हे, मागच्या जन्मीचे पापही नव्हे

आधी शब्द नीट करू. ‘येडा’, ‘खुळा’, ‘मतिमंद’ हे शब्द घरातून आणि विहारातून काढून टाकू. बौद्धिक दिव्यांगता, स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, डाऊन सिंड्रोम या वाढीच्या काळातल्या, म्हणजे विकासात्मक दिव्यांगता आहेत. काही गर्भातच ठरतात. काही बाळंतपणात बाळ गुदमरल्याने, कमी दिवसांच्या जन्माने, जन्मानंतरच्या तीव्र काविळीने किंवा मेंदूज्वराने येतात. मानसिक आजार ही वेगळी गोष्ट आहे. आजार कोणत्याही वयात होतो आणि औषधाने आटोक्यात येऊ शकतो. विकासात्मक दिव्यांगता औषधाने जात नाही, पण शिकवण्याने, सरावाने आणि सोबतीने माणूस बराच स्वावलंबी होतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही बौद्धिक दिव्यांगतेला मानसिक आजाराच्या व्याख्येतून बाहेर ठेवले आहे. म्हणून असे मूल मनोरुग्णालयात नेऊन टाकणे हा उपाय नाही. बाबा-बुवाचा अंगारा हाही नाही.

काही घरांत अजून ‘मागच्या जन्मीचे भोग’ असे म्हटले जाते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ लिहिताना बाबासाहेबांनी मागच्या जन्मीच्या कर्माने या जन्मीचे दुःख ठरते ही कल्पना तपासली आणि नाकारली. त्या कल्पनेने आपल्याला शतकानुशतके अस्पृश्य ठेवले होते. तीच कल्पना आपल्या घरातल्या दुबळ्या माणसावर आपण लादायची का?

दुसरी चुकीची समजूत वयाची. तीस वर्षांच्या माणसाला ‘बाळ’ म्हणून वागवले की त्याच्या गरजाही आपल्याला बाळाच्याच दिसतात. तो प्रौढ आहे. त्याला काम हवे असते, मित्र हवे असतात, स्वतःची पेटी, स्वतःचे कपडे, स्वतःची आवड हवी असते. ‘लग्न केले की शहाणा होईल’ म्हणून गरीब घरची मुलगी फसवून आणली जाते, तेव्हा एका माणसाच्या प्रश्नात दोन माणसे बुडतात.

अठराव्या वर्षी दार बंद होते

जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत सरकारी व्यवस्था थोडीफार दिसते. अंगणवाडी आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासायला येते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ प्रमाणे चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगता असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अठरा पूर्ण झाली की पथकही येत नाही आणि विशेष शाळेचे वसतिगृहही सुटते. प्रौढांसाठीच्या कर्मशाळा फार थोड्या आहेत. ज्या वयात आई-बाप थकायला लागतात, त्याच वयात मूल पूर्णवेळ घरी येते.

आणखी एक गोष्ट बहुतेक घरांना माहीत नसते. मूल अठरा वर्षांचे झाले की आई-बाप कायद्याने आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. बँकेत, जमिनीच्या वाटणीत, घराच्या नावात तेव्हा अडचण उभी राहते. ‘त्याला काय कळते’ म्हणून भावकी त्याचे नाव वगळते. दिव्यांग व्यक्तीला इतरांइतकाच मालमत्ता धारण करण्याचा आणि वारसा मिळवण्याचा हक्क आहे, असे २०१६ च्या कायद्याचे कलम १३ स्पष्ट सांगते.

मोठ्या भिंतींच्या आत काय होते

‘एखाद्या संस्थेत टाकू’ हा विचार अनेकांच्या मनात येतो. संस्था सगळ्या वाईट नसतात. पण जिथे बाहेरचा माणूस जात नाही, तिथे काय घडू शकते हे महाराष्ट्राने पाहिले आहे.

फेब्रुवारी १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या शिरूर येथील शासकीय संस्थेतल्या बौद्धिक दिव्यांग मुली आणि महिलांची गर्भाशये पुण्यात शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. कारण काय दिले, तर पाळीच्या वेळी स्वच्छता ठेवता येत नाही. महिला संघटनांनी आवाज उठवला तेव्हा ते थांबले. पाळीत कपडा बदलायला माणूस लावायचा नाही, म्हणून बाईचा अवयव काढायचा, असा तो हिशेब होता. बीड जिल्ह्याला हा हिशेब अनोळखी नाही. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. तिथे कामाचा खाडा नको होता, इथे कामाचा त्रास नको होता. आज २०१६ च्या कायद्याच्या कलम १० प्रमाणे दिव्यांग व्यक्तीच्या मुक्त आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय मूल होणे कायमचे थांबवणारी कोणतीही शस्त्रक्रिया करता येत नाही. कोणी ‘पिशवी काढून टाका, कटकट जाईल’ असा सल्ला दिला तर हे कलम पुढे ठेवा.

२०११ मध्ये पनवेलजवळच्या एका खासगी बालगृहात बौद्धिक दिव्यांग मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले आणि २०१३ मध्ये न्यायालयाने दोषींना शिक्षा दिली. संस्थेची पाटी सुंदर असून भागत नाही. दार उघडे असावे लागते आणि आपल्या माणसांची ये-जा असावी लागते.

ज्यांनी वेगळे करून दाखवले

आपल्याच राज्यात वेगळी उदाहरणे आहेत. पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यातल्या कोळवण येथे १९९४ पासून साधना व्हिलेज चालते. तिथे बौद्धिक दिव्यांग प्रौढ माणसे वॉर्डात किंवा खोलीच्या रांगेत न राहता घरासारख्या घरांत, सांभाळणाऱ्या माणसांसोबत राहतात आणि काम करतात. डोंबिवलीजवळ खोणी येथे अमेय पालक संघटनेने ‘घरकुल’ उभे केले. ‘आमच्या मागे कोण’ हाच प्रश्न पडलेल्या आई-बापांनी एकत्र येऊन ते उभारले आहे.

अमरावती जिल्ह्यात अचलपूर तालुक्यातल्या वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस दिव्यांग मुलांचे घर उभे केले. ते गाडगेबाबांच्या विचाराचे. तिथल्या १२३ मुलांना त्यांनी बाप म्हणून आपले नाव दिले. अठरा वर्षे झाली की मुलांनी बालगृह सोडावे, हा नियम त्यांना मान्य नव्हता. आईबाप नसलेले दिव्यांग मूल अठराव्या वाढदिवसानंतर कुठे जाणार, हा त्यांचा सवाल आहे आणि अशा मुलांना अठरानंतरही आसरा देणारा कायदा करा, ही त्यांची मागणी आहे. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हा कायदा झाला पाहिजे, अशी मागणी आपल्या वस्त्यांमधूनही गेली पाहिजे.

बाहेरच्या जगात काही देशांनी याहून पुढचे पाऊल टाकले. स्वीडनने कायदा करून बौद्धिक दिव्यांग व्यक्तींच्या मोठ्या संस्था १९९९ च्या अखेरपर्यंत बंद करायच्या ठरवल्या आणि माणसांना साध्या गल्लीतल्या छोट्या घरांत, मदतनिसासह राहायला आणले. भारताने २००७ मध्ये दिव्यांग हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता दिली. त्याला धरून आपल्या २०१६ च्या कायद्यात कलम ५ आले. दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे, तिला ठराविक जागीच राहायला भाग पाडता कामा नये, आणि घरी किंवा वस्तीत मिळणारी मदत सरकारने उपलब्ध करून द्यावी, असे ते कलम सांगते.

पण कोळवण, खोणी, वझ्झर पाटोद्यापासून लांब आहेत आणि तिथल्या जागा मोजक्या आहेत. ऊसतोड करणाऱ्या आईने मुलाला भेटायला तिथे कधी जायचे? म्हणून आपले घर आपल्याजवळच लागेल.

शेजारच्या जामखेडचा धडा

असे घर चालवायला तज्ज्ञ कुठून आणायचे, असे विचाराल. उत्तर आपल्या शेजारच्या तालुक्यात आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी गावोगावच्या साध्या बायकांना आरोग्यसेविका केले. त्यांतल्या कितीतरी जणी अक्षरओळख नसलेल्या होत्या, कितीतरी दलित होत्या. ज्यांच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, त्यांच्या हाताने गावातली बाळंतपणे सुखरूप होऊ लागली. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शिकून घेतलेली, पाठीशी डॉक्टर असलेली वस्तीतली बाई बहुतेक रोजचे काम उत्तम करते, हे जामखेडने सिद्ध केले आहे. दिव्यांग प्रौढाची सोबत हे तसेच काम आहे. त्याला चिकाटी लागते आणि ओळख लागते. वस्तीतल्या बाईला त्या माणसाची ओळख लहानपणापासून असते.

दुसरा धडा हंगामी वसतिगृहांचा. आई-बाप फडावर गेले तरी मुलांची शाळा बुडू नये, म्हणून ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आली. लोकनेते गोपीनाथराव मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी साखर कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे १० रुपये घेण्याचा निर्णयही झाला. शाळकरी मुलासाठी जे तत्त्व मान्य झाले, ते त्याच्या दिव्यांग मोठ्या भावासाठी का नको? हंगामात चालणारे आधारघर ही मागणी याच तत्त्वातून निघते.

आपल्या वस्तीतले आधारघर कसे असावे

चार-पाच माणसांपेक्षा जास्त नकोत. संख्या वाढली की घराचा वॉर्ड होतो. पुरुषांचे आणि बायकांचे घर वेगळे असावे. दिवसा एक आणि रात्री एक अशा दोन पगारी मदतनीस असाव्यात आणि बायकांच्या घरात रात्री बाईच असावी. प्रत्येकाला स्वतःची खाट, स्वतःची पेटी. दार नातेवाइकांना कधीही उघडे. हंगाम संपला की माणूस आपल्या घरी परत. पुढे ज्यांना कोणीच उरणार नाही, त्यांच्यासाठी हेच घर बारमाही करता येईल.

दिवसभर त्यांनी भिंतीकडे पाहत बसायचे नाही. भाजी निवडणे, शेळ्या राखणे, द्रोण-पत्रावळी, मेणबत्त्या, रोपवाटिका अशी ज्याला जी जमतील ती कामे द्यावीत आणि त्यांचा मोबदला द्यावा. ‘सेवा’ म्हणून विहाराची झाडलोट फुकट करून घेणे हा आधार नव्हे. फुकट राबवून घेणे काय असते, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगले आहे.

पैशाचा हिशेब उघड मांडू. राज्य सरकारने २०२५ मध्ये संजय गांधी निराधार योजनेतल्या दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम दरमहा १,५०० वरून २,५०० रुपये केली. चौघांचे मिळून १०,००० होतात. अंत्योदय शिधापत्रिका असलेल्या कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळते, त्यातला त्याचा वाटा घरात येऊ शकतो. एवढ्यात जेवण, साबण, किरकोळ औषध भागेल. मदतनिसांचा पगार भागणार नाही आणि तो या माणसांच्या निराधार रकमेतून कापूही नये. पगार मागायचा तो ग्रामपंचायत किंवा नगरपंचायतीकडे, कारण स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करणे त्यांना बंधनकारक आहे. छोट्या ग्रामपंचायतीचे ५ टक्के थोडेच निघतात. म्हणून ऊसतोड महामंडळाकडेही ही मागणी नेली पाहिजे. जास्त मदत लागणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहू भत्त्याची तरतूद २०१६ च्या कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे, तीही पुढे करायची. प्रत्येकाच्या पैशाची वही वेगळी ठेवायची आणि ती दर पौर्णिमेला विहारात सगळ्यांसमोर वाचायची.

जागेसाठी घरकुलाकडे बघा. कलम ३७ प्रमाणे सरकारी घर आणि जमीन वाटपाच्या योजनांत ५ टक्के वाटा दिव्यांगांचा आहे आणि त्यात महिलांना प्राधान्य आहे. रमाई आवास योजनेच्या अर्जात घरातली दिव्यांग व्यक्ती स्पष्ट नोंदवा आणि शक्य तिथे घर तिच्या नावे किंवा तिच्यासह करा. घरावर तिचे नाव असेल तर आई-बापानंतर तिला कोणी सहज बाहेर काढू शकणार नाही.

सोबत करणाऱ्याने आरोग्याचे काय पाहावे

माझ्या नर्सिंगच्या कामातून काही गोष्टी सांगते. घरच्यांनीही वाचाव्यात, मदतनिसांनीही.

१. वागणे अचानक बदलले तर आधी दुखणे शोधा. ज्याला ‘माझा दात दुखतो’ सांगता येत नाही, तो डोके आपटतो, मारतो, जेवण टाकतो. दात, कान, पोट, लघवीची जळजळ, बद्धकोष्ठ हे तपासा. झोपेच्या गोळ्या देऊन गप्प बसवू नका.

२. फेफऱ्याची गोळी एक दिवसही चुकवू नका आणि मनाने बंद करू नका. फिट आली तर माणसाला कुशीवर वळवा, आजूबाजूचे कोयते, दगड, भांडी दूर करा, वेळ पाहा. तोंडात चमचा घालू नका, नाकाला चप्पल किंवा कांदा लावू नका, पाणी पाजू नका. फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली किंवा लागोपाठ आली तर १०८ ला फोन करून रुग्णालयात न्या.

३. डाऊन सिंड्रोम असलेल्या प्रौढाची वर्षातून एकदा थायरॉइडची तपासणी करा. सुस्ती आणि वाढते वजन हा त्याचा ‘स्वभाव’ समजू नका.

४. पाळीचा कपडा किंवा पॅड बदलणे चित्र दाखवून, बाहुलीवर करून, त्याच वेळी, त्याच जागी, रोज तसेच शिकवले की अनेक मुली शिकतात. काही महिने लागतील. लागू द्या.

५. चांगला आणि वाईट स्पर्श तीस वर्षांच्या माणसालाही शिकवायचा असतो, मुलग्यालाही. अंघोळ घालताना दार लावा, दुसऱ्याने डोकावू नये. अत्याचाराचा संशय आला तर झाकू नका. पोलिसांत जा. कलम ७ प्रमाणे कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे तहसीलदारांनाही कळवू शकतो. आपल्या माणसावर बाहेरच्याने अत्याचार केला असेल तर ॲट्रॉसिटी कायद्याची कलमेही लावून घ्या.

६. दोरीने किंवा साखळीने बांधू नका. पळून जाण्याची सवय असेल तर अंगावर पत्ता आणि फोन असलेला बिल्ला शिवा आणि वस्तीतल्या दुकानदाराला, रिक्षावाल्याला ओळख करून द्या.

७. सांभाळणारी आईही माणूस आहे. तिची झोप उडाली, रडू आवरत नाही, जीव नको वाटतो असे झाले तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येते.

हंगामाआधी हातात असावीत अशी कागदपत्रे

पहिले, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड. अर्ज ऑनलाइन भरून ठरलेल्या दिवशी शासकीय रुग्णालयात तपासणीला जायचे. बौद्धिक दिव्यांगतेसाठी मानसशास्त्रीय चाचणी होते. लहानपणीचे कागद, शाळेचे कागद सोबत न्या.

दुसरे, बँक खाते आणि आधार. त्याशिवाय निराधारचे पैसे जमा होत नाहीत. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात द्यायचा.

तिसरे, कायदेशीर पालकत्व. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी पालक नेमते. कोर्टात जावे लागत नाही. पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. पालक छळ करत असेल तर त्याला काढताही येते. आई-बाप हयात असतानाच पुढच्या माणसाचे नाव ठरवा. सगळा भार एकाच बहिणीवर टाकू नका.

चौथे, निरामय आरोग्य विमा. राष्ट्रीय न्यासाच्या या योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो, त्यात बाह्यरुग्ण उपचार, औषधे आणि थेरपीही येते. आधीपासूनची दिव्यांगता म्हणून विमा नाकारत नाहीत. बिले जपून ठेवा.

पाचवे, घरात कोणी जुन्या पेन्शनच्या शासकीय नोकरीत असेल, शिपाई असो वा सफाई कामगार, तर कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंबनिवृत्तिवेतन मिळू शकते. त्याचे नाव कार्यालयात आजच नोंदवा. मृत्यूनंतर नोंद करताना वर्षे जातात.

बाहेरची एखादी संस्था निवडायचीच झाली तर २०१६ च्या कायद्याखालचे नोंदणी प्रमाणपत्र पाहा. न कळवता भेटू देतात का, रात्री कोण असते, माणसांना स्वतःचे कपडे आहेत का, हे विचारा. ‘महिन्यातून एकदाच भेटा’ म्हणणाऱ्या संस्थेत आपले माणूस ठेवू नका.

संघ कशासाठी असतो

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू जुलाबाने आजारी होता, आपल्याच घाणीत पडला होता. इतर भिक्खू त्याच्याकडे जात नव्हते, कारण त्याचा त्यांना काही उपयोग नव्हता. तथागतांनी आनंदांना पाणी आणायला सांगितले, दोघांनी त्याला धुतले आणि उचलून खाटेवर ठेवले. मग संघाला बोलावून त्यांनी विचारले की इथे तुमची आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांकडे पाहिले नाही तर दुसरे कोण पाहणार? आपल्या आया मला विचारतात तो प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी संघापुढे असा ठेवला गेला होता. उत्तरात संघावरच जबाबदारी आली.

चूळपंथकाची कथाही आपण ऐकतो. त्याला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना, म्हणून त्याच्या सख्ख्या भावानेच त्याला घरी जा म्हटले. तथागतांनी त्याला घालवले नाही. त्याच्या हातात एक स्वच्छ फडके दिले आणि ते चोळत राहण्याचे साधे काम दिले. त्या कामातून तो शिकला. शिकवणाऱ्याने रीत बदलली, माणूस बाहेर काढला नाही.

ही करुणा दयेपुरती ठेवायची नाही, हेही बाबासाहेबांनीच शिकवले. १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी सांगितले की अशा खर्चाचा मोठा भार सरकारने उचलला पाहिजे, कारण लोकांचे कल्याण ही सरकारची जबाबदारी आहे. संविधानाच्या कलम ४१ मध्ये बेकारी, वार्धक्य, आजार आणि दिव्यांगता यांत सरकारी साहाय्याची तरतूद आहे. तेव्हा वस्तीने हात द्यायचा आणि सरकारने पैसा द्यायचा, या दोन्ही गोष्टी एकत्र मागायच्या.

येत्या पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर अर्धा तास काढा. वस्तीत अठरा वर्षांवरील अशी किती माणसे आहेत, त्यांच्या घरचे हंगामाला जातात का, कोणाकडे कोणता कागद नाही, याची यादी करा. यादी करताना त्या माणसालाही जवळ बसवा आणि त्याला काय हवे ते त्यालाच विचारा. शब्दात नाही तर खुणेने सांगेल. प्रत्येक घरामागे वस्तीतल्या पाच जणांची नावे लिहा, जी आई-बाप नसताना दार ठोठावतील. ती यादी घेऊन ग्रामसभेत, नगरपंचायतीत आणि तहसीलला जा. ५ टक्के निधी कुठे गेला ते लेखी विचारा आणि हंगामी आधारघराचा ठराव मांडा. ठराव नाकारला तर नकारही लेखी घ्या, पुढच्या लढ्याला तो लागेल.

पुढच्या विजयादशमीला ट्रॅक्टर येईल तेव्हा निदान एका तरी वस्तीत आई कोयता घेऊन चढताना म्हणू शकेल की माझा मुलगा त्या घरात आहे, त्याच्या खाटेवर आहे, आणि त्याच्याजवळ कोण आहे ते मला माहीत आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!